नाचरा कुत्रा आणि कायदा

मनुष्यानें कुत्र्याला ज्या ज्या चाकऱ्यांस लावलें, त्यांपैकीं राखणीची, शिकारीची आणि मेंढरांमागें धांवण्याची चाकरी सर्वांच्या परिचयाची आहे. कवींनीं तिचे गोडवे गाइले, राजेरजवाड्यांनीं तिच्या स्मरणार्थ थडगीं बांधलीं. पण कुत्र्याची आणखी एक चाकरी पुष्कळ जुनी असूनहि इतिहासकार तिचा उल्लेख सहसा करीत नाहींत. ती म्हणजे धन्यासाठीं भीक मागण्याची. बाजाराच्या चौकांत मागल्या दोन पायांवर उभें राहावें, गळ्याभोंवतीं झालर आणि डोक्यावर टोपी घालून नाचावें, मेल्याचें सोंग घ्यावें, आणि शेवटीं तोंडांत वाटी धरून जमलेल्या मंडळींपुढून फिरावें, हा कुत्र्याचा धंदा युरोपांतील शहरांतून शतकानुशतकें चालत आला. या धंद्यांत त्याचे हाल होतात कीं काय, हा प्रश्न विचारण्यास मात्र फार काळपर्यंत कोणास सवड झाली नाहीं. आणि विचारला गेला तेव्हांहि घोडा, बैल, अस्वल यांच्या मागून कुत्र्याची पाळी आली. याचें कारण बरेंचसें कुत्र्याच्या स्वभावांतच आहे. अस्वल नाचतें तें वेसणीच्या ओढीनें, हें पाहणाराला दिसतें. कुत्रा नाचतो तेव्हां त्याची शेपटी हालत असते, आणि पाहणारा समजतो कीं, हा राजीखुशीनें नाचतो आहे. कायदे करणारेहि अखेर पाहणारांतलेच.

इटलींतील पाँपेई हें शहर इ. स. ७९ सालीं व्हेसूव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें ज्यूलिया फेलिक्स नांवाच्या एका धनिक बाईच्या वाड्यांत, चौकांतल्या रोजच्या व्यवहाराचीं चित्रें भिंतीवर रंगविलेलीं सांपडलीं. त्यांपैकीं एका चित्रांत फाटक्या वस्त्रांतला एक वांकलेला भिकारी आहे, त्याच्याजवळ दोरीनें धरलेला कुत्रा आहे, आणि एक घरंदाज स्त्री त्याच्या हातावर कांहीं ठेवीत आहे. बाईचें लक्ष नेमकें कोणाकडे पाहून द्रवलें, माणसाकडे कीं कुत्र्याकडे, हें चित्रकारानें सांगितलेलें नाहीं. पण कुत्रा चित्रांतून काढला तर तें चित्र अपुरें वाटेल एवढें खरें.

त्याच सुमारास रोममध्यें म्हाताऱ्या व्हेस्पेशियन बादशहासमक्ष मार्सेलसच्या नाट्यगृहांत एका कुत्र्यानें केलेल्या कामाची हकीकत प्लुटार्कनें लिहून ठेविली आहे. खेळांतील कथानकाप्रमाणें त्या कुत्र्यास विष घातलेली भाकरी खावयास दिली. ती खाल्ल्यावर थोड्या वेळानें तो थरथरूं लागला, झोकांड्या देऊं लागला, त्याची मान लटकी पडली, आणि शेवटीं तो ताठ होऊन प्रेतासारखा पडला. नटांनीं त्याला इकडून तिकडे ओढलें तरी तो हालला नाहीं. योग्य प्रसंग आल्याबरोबर मात्र तो गाढ झोपेंतून जागा झाल्याप्रमाणें हळूंच हालला, डोकें वर करून चहूंकडे पाहूं लागला, आणि ज्याच्याकडे जावयाचें त्याच्याकडेच लाडानें जाऊन उभा राहिला. बादशहासुद्धां सर्व प्रेक्षक हेलावून गेले. प्लुटार्क ही गोष्ट जनावरांना बुद्धि असते याचा पुरावा म्हणून सांगतो. ज्या माणसानें त्या कुत्र्यास हें शिकविलें, त्यानें तें कसें शिकविलें याची त्यालाहि चौकशी करावीशी वाटली नाहीं. आणि प्लुटार्क हा प्राण्यांविषयीं कळवळा बाळगणारा लेखक होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही उणीव अधिकच डोळ्यांत भरते.

यापेक्षांहि विलक्षण कुत्रा सहाव्या शतकांत, जस्टिनियन बादशहाच्या अमदानींत, कॉन्स्टँटिनोपलमध्यें आला. मलालास आणि थिओफनीझ या दोघां बखरकारांनीं त्याची नोंद केली आहे. आंद्रेआस नांवाचा एक इटालियन फिरस्ता आपल्या तांबूस रंगाच्या आंधळ्या कुत्र्यास घेऊन चौकांत उभा राही. जमलेल्या लोकांकडून तो आंगठ्या घेई आणि जमिनीवर ठेवून त्यांवर माती लोटी. कुत्रा एकेक आंगठी उकरून काढी आणि ज्याची त्याला नेऊन देई. निरनिराळ्या बादशहांचीं नाणीं एकत्र मिसळलीं तरी ज्या बादशहाचें नांव घ्यावें त्याचें नाणें तो बाहेर काढी. एवढ्यावर भागलें असतें तर ठीक. पण गर्दींतील गरोदर स्त्री कोण, व्यभिचारी कोण, कंजूष कोण आणि उदार कोण, हेंहि तो दाखवूं लागला, तेव्हां लोक म्हणूं लागले कीं, याच्या अंगांत पिशाच्च आहे! धन्याचा सूर, त्याच्या श्वासाची लय, पायाची हालचाल यांवरून कुत्रा किती बारीक खूण ओळखतो, हें आज जनावरांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे जाणतात. आणि वासाच्या बाबतींत तर आंगठी व तिचा मालक यांची जोडी जुळविणें त्याला मुळींच अवघड नाहीं. बखरकारांना पिशाच्च दिसलें, पण त्या आंधळ्या प्राण्यानें गांवोगांव चालून कोणाचें पोट भरलें, तें दिसलें नाहीं.

मध्ययुगांत व त्यानंतर जत्रांतून, सरायांच्या अंगणांतून आणि देवळांच्या पायऱ्यांवर कुत्र्यांचे दोन वर्ग दिसतात. एक डोंबाऱ्याचा आणि दुसरा आंधळ्या भिकाऱ्याचा. दोरीनें कुत्रा धरून चाललेला आंधळा सारंगीवाला रेंब्रांटनें १६३१ सालीं एका कोरीव चित्रांत काढला. हा दुसरा कुत्रा पुढें निराळ्याच मार्गाला लागला. व्हिएन्ना येथील आंधळ्यांचे शिक्षक योहान विल्हेल्म क्लाइन यांनीं १८१९ मध्यें आपल्या पाठ्यपुस्तकांत आंधळ्याला वाट दाखविण्यासाठीं कुत्र्यास पद्धतशीर कसें शिकवावें हें सांगितलें. गळ्यांतल्या सैल दोरीच्या जागीं ताठ काठी बांधावी, म्हणजे कुत्र्याची प्रत्येक हालचाल हाताला कळते, ही त्यांची सूचना. ती शंभर वर्षें पुस्तकांतच राहिली. पहिल्या महायुद्धांत सैनिकांचे डोळे जाऊं लागले तेव्हां, १९१६ सालीं, जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. तोच प्राणी, तोच आंधळा धनी, तोच रस्ता. पण आतां त्याचे तास ठरले, वय ठरलें, निवृत्ति ठरली. वाटी तेवढी गेली.

भिकाऱ्याच्या कुत्र्याविषयीं एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. तो सर्वच दुःखी असतो असें नाहीं. बंगल्याच्या अंगणांत दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला जें मिळत नाहीं तें, म्हणजे अष्टौप्रहर माणसाची संगत, त्याला मिळते. आणि पुष्कळ भिकारी स्वतःच्या आधीं कुत्र्याला घांस घालतात. तो दिवसा झोपलेला दिसला म्हणजे त्याला गुंगीचें औषध दिलें असलें पाहिजे असा निष्कर्ष काढणें घाईचें होय, कारण कोणताहि कुत्रा दिवसरात्र मिळून बारा तासांच्या आसपास झोपतो. खरा अपराध निराळा आहे. आईचें दूध तुटण्यापूर्वीं पिल्लें तिच्यापासून तोडून आणावयाचीं, कारण पिल्लू पाहून नाणें लवकर पडतें; तें मोठें झालें कीं सोडून द्यावयाचें आणि दुसरें आणावयाचें. जखम झाली तर ती बांधावयाची नाहीं, कारण उघड्या जखमेला दान अधिक. इटलींतील कित्येक नगरपालिकांनीं जनावरें घेऊन भीक मागण्यास मनाई करणारे नियम केले ते अशाच प्रकारांसाठीं. गरिबाच्या जवळ कुत्रा असणें आणि गरिबीचें भांडवल म्हणून कुत्रा ठेवणें, हा भेद कायद्याच्या भाषेंत पकडणें फार कठीण असतें, आणि तो न पकडल्यास शिक्षा भलत्यालाच होते.

आपल्याकडे कुत्र्याचा खेळ असा रस्त्यावर फारसा रुजला नाहीं. माकडवाला, दरवेशी, गारुडी, नंदीबैलवाला हे सर्व दारीं आले, पण कुत्रेवाला म्हणून वेगळा वर्ग झाला नाहीं. ज्या प्राण्याचा स्पर्श विटाळाचा मानला, त्याच्या तोंडांतल्या वाटींत पैसा टाकण्यास कोण धजणार! उलट महाराष्ट्रांत माणूसच देवाचा कुत्रा झाला. खंडोबाचा वाघ्या कोटंब्यांत भिक्षा मागतो, आणि कांहीं विधींत धन्यापुढें कुत्र्याप्रमाणें भुंकून पात्रांतलें अन्न तोंडानें खातो. कुत्र्याच्या दुःखाची दाद मागणारी एक कथाहि आपल्याकडे फार जुनी आहे. रामायणाच्या उत्तरकांडांतील प्रक्षिप्त मानलेल्या सर्गांत एक कुत्रा डोकें फुटलेल्या स्थितींत रामाच्या दारीं येतो. सर्वार्थसिद्ध नांवाच्या भिक्षूनें आपणांस निष्कारण काठीनें मारलें, अशी त्याची फिर्याद असते. भिक्षूला बोलावून विचारतात. तो कबूल करतो कीं, भिक्षा न मिळाल्यानें भूक लागली होती, कुत्रा वाटेंत होता, राग आला आणि हात उठला. वादी, प्रतिवादी, कबुलीजबाब आणि निकाल असा हा रीतसर खटला आहे. फिर्यादीच्याच विनंतीवरून आरोपीस कालंजर येथील मठाचें कुलपतित्व देतात, आणि तीच मोठी शिक्षा कशी, हें कुत्रा स्वतःच्या पूर्वजन्मावरून समजावून सांगतो. भुकेला माणूस आपल्याहून दुबळ्यावर हात टाकतो, ही गोष्ट कथाकारानें नेमकी हेरली होती.

युरोपांत असा फिर्यादी न्यायासनापुढें यावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. त्यापूर्वीं अठराव्या शतकांत रस्त्यावरचा कुत्रा रंगभूमीवर चढून प्रतिष्ठित झाला होता. लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहांत १७८४ च्या सुमारास स्काग्लिओनी नांवाच्या इटालियनाच्या कुत्र्यांनीं किल्ल्यावर हल्ला चढविण्याचा देखावा करून सारें शहर लोटविलें. त्यांतला ‘मूस्ताश’ हा कुत्रा नामांकित नटाइतका प्रसिद्ध झाला. १८०३ सालीं ड्रूरी लेन नाट्यगृहांत कार्लो नांवाचा कुत्रा रंगभूमीवरच्या खऱ्या पाण्यांत उडी घेऊन बुडत्या मुलास बाहेर काढी, आणि डबघाईस आलेल्या त्या नाट्यगृहाला त्यानें हात दिला असें म्हणत. याच्या उलट गोष्ट जर्मनींत वायमार येथें घडली. १८१७ मध्यें तेथील राजनाट्यगृहांत ‘आब्रीचा कुत्रा’ या नाटकासाठीं शिकविलेला पूडल जातीचा कुत्रा आणण्याचें ठरलें. सव्वीस वर्षें त्या नाट्यगृहाची धुरा वाहणाऱ्या गटेला तो कलेचा अपमान वाटला; त्याचें न ऐकतां खेळ झाला, आणि गटेचें व्यवस्थापकपद संपलें. या प्रकरणावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत कलेच्या अब्रूची चर्चा आहे, ड्यूकच्या लहरीची आहे, नटीच्या कारस्थानाची आहे; पूडलची नाहीं.

वस्तुतः चर्चा व्हावयास पाहिजे होती ती शिकवणीची. कुत्र्याच्या शरीराचा सांगाडा चार पायांवर भार तोलण्यासाठीं आहे. मागल्या दोन पायांवर क्षणभर उभें राहणें त्याला जमतें. तासन्‌तास, दिवसामागून दिवस तसें उभें केल्यास कंबरेचे व मांडीचे सांधे आणि पाठीचा कणा यांवर जो ताण पडतो तो वयाबरोबर उघड होतो. हें उभें राहणें शिकविण्याचे मार्ग दोनच. एक खाऊच्या तुकड्यानें, थोडें थोडें, पुष्कळ दिवस खर्चून. दुसरा उपासानें आणि छडीनें, किंवा गळ्यांतली दोरी वर ताणून पुढचे पाय टेकूंच न देण्यानें. पहिल्याला धीर लागतो. दुसऱ्यानें काम लवकर होतें, आणि ज्याला उद्यांच्या भाकरीची भ्रांत आहे त्याचा ओढा दुसऱ्याकडे अधिक. तयार झालेल्या खेळावरून यांतला कोणता मार्ग वापरला, हें सामान्य प्रेक्षकाला ओळखूं येत नाहीं. जाणत्याला कांहीं खुणा दिसतात. कान मागें पडलेले, शेपटी पोटाखालीं ओढलेली, झोप नसतां वारंवार येणारी जांभई, ओठ चाटणें, आणि धन्याचा हात उचलला कीं अंग आक्रसणें. शेपटी हालते ती प्रत्येक वेळीं आनंदानेंच असेंहि नाहीं. भय आणि मनधरणी यांनींहि ती हालते. पण हें ज्ञान अलीकडचें. त्या काळचा प्रेक्षक टाळी देऊन पुढें जाई.

इंग्लंडांत १८२२ सालीं रिचर्ड मार्टिन यांच्या खटपटीनें गुरांवरील क्रौर्याविरुद्धचा कायदा झाला. त्यांत घोडा, गाढव, खेचर, बैल, गाय, मेंढी यांचीं नांवें होतीं, कुत्र्याचें नव्हतें. १८२४ मध्यें लंडन येथें प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था निघाली, आणि १८३५ च्या नव्या कायद्यांत कुत्र्याचा समावेश झाला. अस्वलांच्या व कुत्र्यांच्या झुंजींचे अड्डेहि त्यानें बंद केले. कागदावर नाचऱ्या कुत्र्याला तेव्हांपासून संरक्षण मिळालें म्हणावयाचें. पण मारहाण होई ती शिकवणीच्या वेळीं, माडीवरच्या बंद खोलींत. आणि पोलीस उभा असे रस्त्यावर. रस्त्यावर त्याला दिसे ती गर्दी आणि ऐकूं येई तो गोंगाट. १८३९ च्या लंडन पोलीस कायद्यानें खेळाची वर्दी देण्यासाठीं कर्णा वाजविणें हा गुन्हा ठरविला, आणि १८६४ च्या कायद्यानें रस्त्यावरच्या वाजंत्र्याला आपल्या दारासमोरून घालवून देण्याचा हक्क घरवाल्याला दिला. म्हणजे खेळवाल्याला हुसकण्याचीं साधनें पुष्कळ झालीं, परंतु तीं सर्व माणसांच्या कानांसाठीं होतीं.

त्याच १८३९ च्या कायद्यांत कुत्र्याविषयीं एक कलम होतें, आणि त्याचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. त्या वेळीं लंडनमध्यें भाकरीवाले, खाटीक, फेरीवाले लहान गाड्यांना कुत्रे जुंपीत. ओझें फार, रस्ता खडीचा, पाय रक्ताळलेले, आणि त्यांत पिसाळण्याची भीति. चेरिंग क्रॉसपासून पंधरा मैलांच्या आंत कुत्र्यांना गाडीस जुंपण्यास कायद्यानें बंदी केली. १८५४ मध्यें ती सबंध इंग्लंडला लागू झाली. हेतु दयेचा होता यांत शंका नाहीं. पण गरीब फेरीवाला जो कुत्रा पोशी तो कामासाठीं. काम गेल्यावर त्याला खावयास घालणें आणि वर कुत्र्यांवरील कर भरणें त्याच्या आटोक्याबाहेरचें होतें. पुष्कळांनीं आपले कुत्रे मारून टाकले. श्रीमंतांच्या शिकारी कुत्र्यांचे कळप मात्र पूर्वींप्रमाणेंच कोल्ह्यामागें धांवत राहिले. जनावराची चाकरी बंद करणारानें त्या जनावराच्या उरलेल्या आयुष्याची सोय केली नाहीं, तर दया अर्ध्या वाटेवरच थांबते. पुढें सर्कशींतून सोडविलेल्या सिंहांसाठीं आश्रयस्थानें बांधावीं लागलीं, तीं हा धडा पुष्कळ उशिरा शिकल्यामुळेंच.

हेन्री मेह्यू यानें लंडनच्या रस्त्यावर पोट भरणाऱ्या लोकांच्या तोंडच्या हकीकती लिहून घेतल्या. १८६१-६२ मध्यें त्या चार खंडांत पूर्ण झाल्या. तिसऱ्या खंडांत नाचरे कुत्रे घेऊन फिरणारा एक म्हातारा इटालियन आहे. त्याच्याजवळ तीन कुत्रे, फिनेट, फेवरिट आणि ओझोर. मोडक्यातोडक्या इंग्रजींत तो आपली कहाणी सांगतो. मेह्यूचा मोठेपणा हा कीं, तो म्हाताऱ्याची थट्टा करीत नाहीं आणि त्याला राक्षसहि ठरवीत नाहीं. वाचकाला दिसतें तें असें कीं, कुत्रा आणि धनी एकाच नाण्यावर जगत आहेत आणि पोलीस दोघांनाहि सारखेंच पुढें ढकलतो आहे.

परंतु सर्वच खेळवाले असे एकटे म्हातारे नव्हते. इटलींतील गरीब खेड्यांतून मुलें आणावयाचीं, त्यांच्या हातीं माकड, पांढरे उंदीर, कुत्रा किंवा बाजाची पेटी द्यावयाची, आणि रात्रीं ठराविक रक्कम न आणल्यास उपाशी ठेवावयाचें, असा धंदा करणारे मुकादम लंडन-पॅरिसमध्यें होते. १८३१ सालीं लंडनमध्यें अशाच एका उंदीर दाखविणाऱ्या इटालियन मुलाचा, त्याचें प्रेत वैद्यकीय शाळेस विकण्यासाठीं, खून झाला असें ठरलें, तेव्हां कोठें शहराला या पोरांची आठवण झाली. मूल आणि जनावर एकाच छडीखालीं असत. जनावरांसाठींची संस्था १८२४ मधली. मुलांना रस्त्यावर भिकेस लावणें गुन्हा ठरविणारा इंग्रजी कायदा १८८९ मधला. त्यांत गाण्याचें, वाजविण्याचें किंवा खेळ करण्याचें निमित्त चालणार नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. पासष्ट वर्षें मुलें कुत्र्यांच्याहि मागें राहिलीं होतीं.

हें नातें फ्रान्सांत एक्तोर मालो यानें १८७८ च्या आपल्या ‘सां फामीय’ या कादंबरींत दाखविलें. चाळीस फ्रँकांना विकत घेतलेला रेमी, त्याचा वृद्ध धनी व्हितालिस, तीन कुत्रे आणि एक माकड, अशी ती मंडळी. व्हितालिस मारून शिकवीत नाहीं. मारल्यानें जनावराची बुद्धि दबते, हें त्याचें मत. तुलूझ शहरांत एक शिपाई कुत्र्यांना मुसकीं बांधण्याचा हुकूम करतो, त्यावरून तंटा होतो आणि म्हातारा तुरुंगांत जातो. मुलाच्या अंगावर हात टाकतांना शिपायाला कायदा आठवत नाहीं. मुसक्याचा मात्र आठवतो. पुढें हिंवाळ्यांत दोन कुत्रे लांडग्यांच्या तोंडीं जातात. ही कादंबरी घरोघर पोरांनीं वाचली, आणि खेळ संपल्यावर कुत्रे रात्रीं कोठें झोपतात, हा विचार बहुधा तिनेंच प्रथम हजारों मुलांच्या मनांत उभा केला.

कुत्र्याच्या शिकवणीवरचा पडदा खरा फाडला तो अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन यानें. त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत मायकेल नांवाचा कुत्रा खेळाच्या धंद्यांत सांपडतो, आणि शिकवणीच्या आखाड्यांत काय चालतें तें वाचकासमोर येतें. प्रस्तावनेंत त्यानें सुचविलेला उपाय साधा होता: जनावरांचा खेळ सुरू झाला कीं प्रेक्षकांनीं उठून बाहेर जावें. १९१८ मध्यें बोस्टनच्या प्राणिरक्षक संस्थेनें त्याच्या नांवानें मंडळ काढलें. वर्गणी नाहीं, बैठका नाहींत, फक्त उठून जाण्याची प्रतिज्ञा. इंग्लंडांत पार्लमेंटच्या समितीनें १९२१ व १९२२ मध्यें साक्षी घेतल्या, आणि १९२५ मध्यें खेळांतील जनावरांचा कायदा झाला. शिकविणाऱ्यानें व खेळ करणाऱ्यानें आपलें नांव नोंदवावें, जनावरें कोणतीं आणि खेळ कोणत्या प्रकारचा तें लिहून द्यावें, पोलिसांना व अधिकाऱ्यांना शिकवणीची जागा पाहतां यावी, असा त्याचा सांगाडा होता. तिकीट असो वा नसो, लोकांना प्रवेश असलेला प्रत्येक खेळ त्यांत येई. मात्र खेळ चालूं असतां रंगमंचावर किंवा त्याच्या मागें जाण्याचा अधिकार कोणासहि दिला नव्हता. इंग्लंडांत हा कायदा २०१८ पर्यंत टिकला.

मुंबईंत प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था १८७४ मध्यें निघाली, आणि सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें १८८३ च्या सुमारास परळला बाई साकरबाईंच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. १८९० चा अखिल हिंदुस्थानचा कायदा पाठोपाठ आला. पण त्या वेळीं येथें मुख्य प्रश्न गाडीच्या बैलांचा व घोड्यांचा होता. खेळांतला कुत्रा आपल्याकडे आला तो मुख्यतः सर्कशीच्या तंबूंतून. किआरिनीची इटालियन सर्कस मुंबईस आली आणि तिच्यापासून स्फूर्ति घेऊन विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० मध्यें आपली सर्कस काढली, ही कथा मराठी माणसाला ठाऊकच आहे. पुढें देशांत सर्कशी वाढल्या आणि फळीवर चढणारा, कड्यांतून उडी मारणारा कुत्रा मुलांच्या आवडीचा झाला.

स्वातंत्र्यानंतर दोन कायदे वर्षाच्या अंतरानें झाले, आणि या प्रश्नाचीं दोन टोकें त्यांनीं धरलीं. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यांत गाणें, नाचणें, खेळ करणें अशा निमित्तानें दान मागणें ही भीकच ठरली. आणि दान मिळविण्यासाठीं जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखविणें, मग तो माणसाचा असो वा जनावराचा, हेंहि भिकेच्या व्याख्येंत आलें. येथें जनावराची जखम कायद्याला दिसली खरी, पण ती भिकाऱ्याचें हत्यार म्हणून दिसली. दुसरा कायदा १९६० चा, श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत धरलेल्या आग्रहाचें फळ. त्याच्या खेळांतील जनावरांवरच्या प्रकरणावर १९२५ च्या इंग्रजी कायद्याची छाया स्पष्ट आहे. नोंदणी तीच, दाखला तोच, आणि खेळ चालूं असतां रंगमंचामागें न जाण्याचें बंधनहि तेंच. एक शब्द मात्र बदलला. ‘खेळ’ म्हणजे तिकीट विकून लोकांस प्रवेश दिलेला खेळ, अशी व्याख्या या कायद्यांत झाली. मूळ इंग्रजी कायद्यांत ही अट नव्हती. परिणाम असा कीं, नोंदणीचें जाळें तंबूवर पडलें आणि नाक्यावरचा, वाटी फिरविणारा प्राणी त्याच्या बाहेर राहिला. त्याच्यासाठीं उरलें तें मारहाण, उपासमार वगैरेंविरुद्धचें सर्वसाधारण कलम. पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड.

माकड आणि अस्वल यांना पुढें १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा आधार मिळाला, आणि २००९ पर्यंत दरवेशाचें नाचरें अस्वल रस्त्यावरून नाहींसें झालें. कुत्रा वन्य नाहीं. २ मार्च १९९१ रोजीं केंद्र सरकारनें अधिसूचना काढून पांच प्राण्यांच्या शिकवणीस व खेळास बंदी केली: अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि कुत्रा. सर्कसवाले दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेले, प्रश्नाचा पुन्हां विचार करण्यास सरकारला सांगण्यांत आलें, समिती बसली. १४ ऑक्टोबर १९९८ च्या नव्या अधिसूचनेंतहि पांचच प्राणी होते, पण आतां सिंह आंत आला होता आणि कुत्रा बाहेर गेला होता. तिच्याविरुद्धचा सर्कसवाल्यांचा दावा केरळच्या उच्च न्यायालयानें फेटाळला, आणि १ मे २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांचे तंबूंतले खेळ त्यानें संपले. कुत्र्याच्या खेळासाठीं नोंदणीचा दाखला पूर्वींप्रमाणेंच मिळत राहिला.